सात आठळ्या

लहान मुलाने घडाघडा आकडे म्हणून दाखविले की घरातील वडीलधाऱ्यांचा ऊर भरून येतो. पाहुणे येऊन टेकतात न टेकतात तोच बालकास बाहेर बोलवावयाचे, "म्हण पाहू" असे फर्मावयाचे, आणि त्याने पन्नासापर्यंत मजल मारली की कौतुकाने एकमेकांकडे पाहावयाचे, हा सोहळा आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षकी पेशात घालविला. इतरांच्या मुलांविषयी त्यांच्या पालकांना पुष्कळ उपदेशही केला. तरीही या सोहळ्याचा मोह आमचा आम्हांस सुटला नव्हता. गेल्या पावसाळ्यात पाच वर्षांच्या एका बालिकेने तो सोडविला. त्यापायी तिच्या डोळ्यांत पाणी आले, ही खंत मनात राहिली आहे; आणि ती खंत हेच या लेखाचे निमित्त.

आमच्या थोरल्या बंधूंची कन्या विवाहानंतर अमेरिकेत टेक्सास राज्यात स्थायिक झाली आहे. टेक्सासची सीमा मेक्सिकोस लागून असल्यामुळे तेथे स्पॅनिश ही कोणा दूरदेशची भाषा नव्हे. ती शेजाऱ्याची, दुकानदाराची आणि वर्गमैत्रिणीची भाषा आहे. तेथील काही शाळांतून लहान मुलांना इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतून शिकविण्याचे वर्ग चालतात. आमच्या पुतणीने आपल्या मुलीस अशाच एका वर्गात घातले होते. जूनमध्ये मायलेकी फोंडा तालुक्यातील आमच्या घरी आल्या. मुलीस मराठी व कोकणी जेमतेम समजे. बोलता फारसे येत नसे. इकडे आमच्या मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी, आणि इंग्रजीचा गंध नाही. नात्याने ही तिची पणजी. "आपण पणजीहून आलो आणि पणजीकडे आलो, हे कसे?" हा त्या मुलीचा पहिला प्रश्न आईला इंग्रजीत होता. तो मातोश्रींना समजावून सांगितला तेव्हा त्या मनापासून हसल्या, परंतु उत्तर देण्यास त्यांच्यापाशी शब्द नव्हते. एकाच सोप्यावर बसून दोघी एकमेकींकडे नुसत्या पाहत राहत.

पहिल्याच संध्याकाळी शेजारची मंडळी भेटीस आली आणि आम्ही नेहमीचा सोहळा मांडला. मुलगी उभी राहिली आणि म्हणू लागली, "उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस." न थांबता ती विसापर्यंत गेली. टाळ्या झाल्या. कोपऱ्यात मातोश्री फणसाच्या आठळ्या निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि हलकेच म्हटले, "सेत, ओइतु, नोव, देश." आम्ही चकित झालो. मातोश्री १९५० च्या सुमारास पोर्तुगीज प्राथमिक शाळेत जात आणि त्यांनी 'सेगुंद ग्राव'पर्यंत मजल मारली होती, हे आम्हांस ऐकून ठाऊक होते. परंतु १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर ते आकडे त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. मुलीने पणजीकडे वळून पाहिले. आपले काहीतरी या वृद्धेस कळले, एवढे तिला नक्की उमगले.

येथेच आम्ही थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मुख्याध्यापकाचा स्वभाव! दुसऱ्या दिवशी चारचौघांच्या देखत आम्ही तिला सांगितले, "त्या सुपातून सिएते आठळ्या आण पाहू." ती धावत गेली आणि मूठ भरून आठळ्या आणून तिने आमच्या हातावर ठेवल्या. आम्ही मोठ्याने मोजल्या. अकरा भरल्या. "म्हणजे ही सारी पोपटपंची!" असे आम्ही हसत म्हणालो आणि मंडळीही हसली. मुलीस शब्द कळले नाहीत. हसणे मात्र कळले. ती आईच्या पदराआड गेली, आणि पुढले दोन दिवस तिने कोणत्याही भाषेत एक आकडा उच्चारला नाही.

वस्तुतः मुलीचे काही चुकले नव्हते. आम्हांसच एक जुनी गोष्ट विसरली होती. आकड्यांची नावे क्रमाने म्हणता येणे आणि मोजता येणे या दोन भिन्न विद्या आहेत. रोशेल गेलमन व गॅलिस्टल या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली बालकांच्या संख्याज्ञानावर ग्रंथ लिहिला. त्यात मोजण्याची काही तत्त्वे त्यांनी उलगडून दाखविली आहेत. एका वस्तूस एकच नाव द्यावयाचे, एकही वस्तू सोडावयाची नाही वा दोनदा धरावयाची नाही. नावांचा क्रम ठरलेला असावयाचा. आणि शेवटी उच्चारलेले नाव हे शेवटच्या वस्तूचे नाव नसून साऱ्या समूहाची संख्या आहे, हे ओळखावयाचे. मोठ्यांना हे तिसरे तत्त्व इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही शिकण्यासारखे आहे असे वाटतच नाही. कॅरन विन या संशोधिकेने १९९० साली लहान मुलांना अमुक इतक्या वस्तू दे असे सांगून पाहिले. तेव्हा क्रमाने आकडे बिनचूक म्हणणारी कित्येक मुले वस्तू मागताच न मोजता मूठभर उचलून देतात, असे दिसून आले. आमच्या सोप्यावर नेमके हेच घडले होते. ही एक पायरी आहे, आणि त्या पायरीवर उभ्या असलेल्या बालकास हसणे म्हणजे चालू लागलेल्या मुलास धावता येत नाही म्हणून हसणे होय.

आमची चूक दुरुस्त केली ती मातोश्रींनी. तिसऱ्या दिवशी पाऊस धो धो कोसळत होता. त्यांनी मुलीस जवळ बसविले, मध्ये सूप ठेवले आणि एक आठळी उचलून परडीत टाकली. म्हणाल्या, "उं." मुलीने थोडे थांबून म्हटले, "उनो." दुसरी टाकली, "दोइश." "दोस." तिसरी टाकून मातोश्रींनी परडीकडे बोट केले आणि कोकणीत विचारले, "कितले?" मुलगी गप्प. पुन्हा आठळ्या बाहेर काढल्या, पुन्हा एकेक आत टाकली, पुन्हा तोच प्रश्न. चौथ्या वेळी मुलीने परडीत पाहून सांगितले, "त्रेस." त्या दिवशी तीनच्या पुढे त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाच झाल्या. मातोश्रींनी बालशिक्षणाचे एकही पुस्तक वाचलेले नाही, परंतु प्रत्येक आठळीबरोबर एक नाव, आणि प्रत्येक थांब्यावर "कितले?" ही त्यांची रीत आम्ही आमच्या शिक्षकांनाही सांगण्यासारखी आहे.

आता ज्या वाचकांची नातवंडे परदेशी स्पॅनिश शिकत आहेत, त्यांच्यासाठी या आकड्यांच्या रचनेविषयी चार गोष्टी सांगणे उचित होईल. शिवाय २०१७ नंतर एफसी गोवा संघात स्पॅनिश प्रशिक्षक व खेळाडू येऊ लागल्यापासून आमच्या येथील फुटबॉलवेड्या मुलांनाही या भाषेचे कुतूहल वाटू लागले आहे.

एक ते दहा ही नावे पाठ करावी लागतात, परंतु मराठी कानास ती सर्वस्वी परकी नाहीत. त्रेस म्हणजे आपले त्रि, सिएते म्हणजे सप्त, ओचो म्हणजे अष्ट, नुएबे म्हणजे नव, दिएस म्हणजे दश. स्पॅनिश ही लॅटिनची लेक आणि मराठीचे माहेर संस्कृत. ही दोन्ही घराणी एकाच प्राचीन मुळापासून फुटली, असे भाषाशास्त्र सांगते. उच्चारात दोन गोष्टी ध्यानी धराव्या. आपण ज्यास 'व' म्हणू, त्या अक्षराचा स्पॅनिश उच्चार 'ब'कडे झुकतो. म्हणून वीस म्हणजे बेइन्ते. तसेच मेक्सिकोत पाचास सिंको म्हणतात, तर स्पेनच्या बहुतेक भागांत थिंको. मुलाने शाळेतून जो उच्चार आणला असेल तो तसाच राहू द्यावा. आजोबांनी पुस्तकात पाहून सुधारू नये.

अकरा ते पंधरा या पाच नावांचा घाट थोडा अवघड आहे: ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से. लॅटिनमध्ये यांच्या पोटात 'दहा' स्पष्ट दिसत होता. शतकानुशतकांच्या वापराने तो झिजला. आपल्या 'एकादश'चे अकरा आणि 'द्वादश'चे बारा झाले, तसाच हा प्रकार. ही पाच नावे खेळातूनच पाठ करून घ्यावी. सोळापासून मात्र मार्ग मोकळा होतो. दिएसिसेइस म्हणजे दहा आणि सहा, दिएसिसिएते म्हणजे दहा आणि सात. एकवीस ते एकोणतीस यांतही वीस आणि एक, वीस आणि दोन अशीच जोडणी आहे. तिसापासून तर तीन सुटे शब्दच ऐकू येतात. त्रेइंता इ उनो म्हणजे तीस आणि एक. 'इ' म्हणजे 'आणि'. दशकांची नावे आली की शंभराच्या उंबरठ्यापर्यंत बालक आपल्या पायांनी चालत जाते. वाटेत एकच निसरडी जागा आहे. साठ म्हणजे सेसेंता व सत्तर म्हणजे सेतेंता; कानास ही दोन्ही जवळजवळ सारखीच वाटतात. सेइसमधला 'स' साठात आणि सिएतेमधला 'त' सत्तरात, अशी खूण करून दिली की गोंधळ होत नाही.

मोजण्याचे खेळ तर त्या समाजात पदोपदी आहेत. कोळ्याच्या जाळ्यावर झोके घेणाऱ्या हत्तींचे एक बालगीत स्पॅनिश घराघरांतून म्हटले जाते. जाळे तुटत नाही असे पाहून प्रत्येक हत्ती आणखी एकास बोलावतो आणि संख्या एकेकाने वाढत जाते. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यास एक याप्रमाणे बारा द्राक्षे खाण्याची प्रथा आहे. एका ठोक्यास एक द्राक्ष, म्हणजे गेलमनबाईंचे पहिले तत्त्वच सारे राष्ट्र दरवर्षी गिरविते! दरवर्षी २२ डिसेंबरला माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेतील मुले नाताळच्या मोठ्या लॉटरीचे पाच अंकी क्रमांक गाऊन जाहीर करतात. आपल्या ठिकरीसारखा रेघोट्यांचा खेळही तिकडे आहे. त्यास रायुएला म्हणतात. घर आखावे, आकडे लिहावे आणि उडी मारताना नाव घ्यावे. भाषा कोणतीही असो, पायाखालचे घर आणि तोंडातले नाव यांची गाठ पडली पाहिजे.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. इ. स. ९७६ मध्ये उत्तर स्पेनमधील आल्बेल्दा येथील मठात लिहिल्या गेलेल्या एका हस्तलिखितात एक ते नऊ हे भारतीय अंक आढळतात. पश्चिम युरोपात या अंकांची याहून जुनी नोंद ज्ञात नाही. अरबांच्या हातून ते तेथे पोहोचले होते, आणि ते भारतीयांच्या बुद्धीचे फळ आहे हे लिहिणाऱ्या साधूंनी आदराने नमूद केले आहे. त्या नोंदीत शून्य नाही. ते मागाहून गेले. आपल्या 'शून्य' शब्दाचा अर्थ अरबी 'सिफ्र'मध्ये उतरला आणि त्याच शब्दापासून स्पॅनिश 'सेरो' आला. हजार वर्षांपूर्वी आपल्या देशाचे अंक स्पेनला गेले. आता त्यांची स्पॅनिश नावे आमच्या सोप्यावर आली. यात परके कोण आणि आपले कोण?

तरीही काही वाचकांच्या मनात शंका येईल, आणि ती रास्त आहे. मुलाच्या डोक्यात स्पॅनिश आकडे बसले तर मराठी आकड्यांना जागा उरेल काय? हीच काळजी आमच्या पुतणीसही होती. या बाबतीत इंग्रजी-स्पॅनिश व इंग्रजी-फ्रेंच अशा दोन भाषांत वाढणाऱ्या लहान मुलांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून असे दिसले की एक, दोन, तीन या पहिल्या संख्यांच्या नावांचे अर्थ मुलास प्रत्येक भाषेत वेगळे शिकावे लागतात. परंतु मोजण्याचे मर्म एका भाषेत उमगले की ते दुसऱ्या भाषेतही कामी येते. तात्पर्य, समज एकदाच उजाडते. नावे मागाहून हवी तितकी शिकता येतात.

मात्र मराठीची नावे शिकविताना एक अडचण आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपण 'बत्तीस' म्हणताना आधी दोन उच्चारतो आणि मग तीस. लिहिताना मात्र तीन आधी. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी मुले कोणत्या शिक्षकाने पाहिली नाहीत? त्यात पुन्हा एकोणीस, एकोणतीस असे एक उणे करीत आपण एकोणनव्वदपर्यंत जातो आणि शेवटी नव्याण्णवाशी रीत बदलतो. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'बत्तीस'च्या जोडीस 'तीस दोन' असे वाचन दिले गेले, तेव्हा मोठा गदारोळ उठला. त्या विषयाच्या समितीच्या अध्यक्षा, दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांनी बालकांची ही अडचणच पुढे मांडली होती. नॉर्वेने तर १९५१ साली शासकीय निर्णयाने आकडे बोलण्याचा क्रम बदलला. तरीही तेथील बोलण्यातून जुनी रीत अद्याप पुरती गेलेली नाही.

आमचे मत असे की बत्तीस, त्रेपन्न, एकोणसत्तर ही नावे म्हणजे आपल्या भाषेची पिढीजात ठेव होय. ती टाकून देण्याचे कारण नाही. परंतु "बत्तीस, म्हणजे तीस आणि दोन" एवढा खुलासा शेजारी ठेवण्यात कमीपणाही नाही. स्पॅनिशमध्ये शिकलेल्या मुलास हा खुलासा आयताच मिळालेला असतो. आम्ही तिला त्रेइंता इ दोस म्हणावयास सांगितले, तीन दशकांच्या पुरचुंड्या आणि दोन सुट्या आठळ्या तिच्यापुढे ठेवल्या, आणि मग म्हटले, "यालाच आपण बत्तीस म्हणतो." तिने तो शब्द दोनदा घोळवला. मग पणजीकडे धाव घेऊन "बत्तीस" असे सांगून आली, जणू काही घरात नवा पाहुणा आला होता.

ज्यांना हे घरी करावयाचे असेल त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाचे सार एवढेच. पाचापर्यंत घाई करू नये. हाताची बोटे आणि पाच वस्तू पुष्कळ झाल्या. प्रत्येक वेळी मोजून झाले की "किती?" हे अवश्य विचारावे. वस्तू पसरून, गोळा करून, क्रम बदलून पुन्हा मोजावयास लावावे, म्हणजे संख्या मांडणीवर अवलंबून नाही हे मुलास कळते. जिना चढताना एका भाषेत व उतरताना दुसऱ्या भाषेत मोजावे. चूक झाल्यास हसू नये. आपण स्वतः सावकाश पुन्हा मोजावे. आणि घरात वृद्ध माणूस असेल तर हे काम त्याच्यावर सोपवावे. शिक्षकाला तास संपण्याची घाई असते, आजीला नसते.

जुलै संपता संपता मायलेकींची परत निघण्याची वेळ झाली. आदल्या संध्याकाळी मातोश्रींनी मुलीस हाक मारली आणि म्हणाल्या, "सात आठळ्यो मेजून हाड गो बाय." मोजून आण, एवढे कोकणी आता तिला समजत होते. ती सुपाशी बसली. एकेक आठळी उचलून ओंजळीत ठेवीत, ओठ हलवीत ती मोजू लागली. आम्ही दाराआडून पाहत होतो. या वेळी तोंड बंद ठेवण्याइतके शहाणपण आम्हांस आले होते. तिने ओंजळ पणजीपुढे केली. सातच होत्या. "कितले?" मातोश्रींनी विचारले. "सिएते," ती म्हणाली, मग "सेत", आणि थोडे थांबून, आमच्याकडे पाहून, "सात."

बिया विमानातून नेण्यास तिकडचे नियम आड येतात, म्हणून त्या सात आठळ्या येथेच राहिल्या. मातोश्रींनी त्या लहानशा डब्यात जपून ठेवल्या आहेत. रविवारी फोनच्या पडद्यावर ती दिसू लागली की त्या मूठ उघडून दाखवितात आणि विचारतात, "कितले?" कधी पाच असतात, कधी तीन, एकदा एकही नव्हती, तेव्हा पलीकडून हसत उत्तर आले, "सेरो!" दोघींपाशी एकत्र बोलण्यासारखी दुसरी भाषा अद्यापि फारशी नाही. जी आहे ती मोजता येण्याजोगी आहे, आणि दर आठवड्यास थोडी वाढते आहे.

वाचकहो, आपल्याही घरी कोणी चिमुकला परभाषेतले आकडे घेऊन येईल. त्यास पाहुण्यांपुढे उभे करून "म्हण पाहू" असे सांगू नका. त्याच्यापुढे सूप ठेवा, जवळ बसा, आणि म्हणा, "मोजून आण पाहू."